हिरड्यांचं ऑपरेशन आणि विम्याची उतरंड

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस नावाची आरोग्य योजना आहे. तिच्या दरपत्रकात दातांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात हिरडीवरच्या फ्लॅप ऑपरेशनचा दर छापलेला आहे, वाढलेली हिरडी कापण्याच्या ऑपरेशनचाही आहे. कर्मचारी त्याच्या वेतनश्रेणीप्रमाणे महिन्याला २५० ते १,००० रुपये भरतो आणि हे उपचार त्याच्या हक्कात बसतात. यात वाईट काही नाही. असंच असायला हवं.

आता त्याच केंद्र सरकारची गरिबांसाठीची आयुष्मान भारत योजना पाहा. तिच्या वगळलेल्या बाबींच्या यादीत दात भरणं, रूट कॅनाल आणि हिरड्यांचे आजार नाव घेऊन बाहेर ठेवले आहेत. अपघातातला मार, गाठ किंवा सिस्ट यांमुळे हाडाच्या उपचारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तरच अपवाद. म्हणजे मंत्रालयातल्या बाबूच्या हिरडीत पू झाला तर तो आजार, आणि गटार साफ करणाऱ्याच्या हिरडीत पू झाला तर ती त्याची खासगी बाब.

सरकार तेच, आजारही तोच. मग हा फरक कोणत्या वैद्यकीय पुस्तकातून आला? कोणत्याही नाही. आपण जातीच्या संदर्भात ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतो, तिचीच रचना इथे कार्डांच्या रूपात उभी आहे. वर सीजीएचएस, मग कंपनीचा ग्रुप विमा, मग ईएसआय, मग स्वतः विकत घेतलेली पॉलिसी, मग आयुष्मान आणि फुले योजनेचं कार्ड, आणि सगळ्यात खाली ज्याच्याकडे काहीच नाही तो. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वाटतं की आपण खालच्यापेक्षा बरे. त्यामुळे सगळी उतरंडच चुकीची आहे असं कोणी म्हणत नाही.

आजार छोटा नाही

चळवळीतल्या काही साथींना वाटेल की अट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, आरक्षण असे प्रश्न जळत असताना हा दाताबिताचा विषय कशाला? म्हणून आधी आजाराबद्दल बोलू.

आपण ज्याला पायोरिया म्हणतो, तो अचानक होत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जंतूंचा थर साचतो, त्याचं कडक कीटण होतं. सुरुवातीला हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झालं तर हिरडी दातापासून सुटते, खाचा तयार होतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. शेवटी दात हलतो, आणि आपल्या वस्त्यांमध्ये हलणाऱ्या दातावर एकच उपचार माहीत असतो, तो म्हणजे काढून टाकणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या गंभीर आजाराचे जगात सुमारे १०० कोटी रुग्ण आहेत. मधुमेह असेल तर हा आजार जोर धरतो, आणि हिरड्यांमधला जंतुसंसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. दात गेल्यावर भाकरी चावता येत नाही, शेंगदाणे, हरभरे, मटण सुटतं आणि माणूस चहात बुडवलेल्या पावावर येतो. मधुमेह असलेल्या माणसाने पावावर जगायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

लगेच दुसरा आक्षेप येतो. "तंबाखू खातात, मशेरी लावतात, मग होणारच." यातला अर्धा भाग खरा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचं सेवन करतात, आणि त्यातला फार मोठा वाटा खाण्याच्या, चोळण्याच्या तंबाखूचा आहे. तंबाखूमुळे हिरड्या खराब होतात. सिगारेट-विडी ओढणाऱ्याचं तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आतल्या आत वाढत राहतो आणि कळतच नाही. हे आपण आपल्या माणसांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, तो प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिला पाहिजे.

पण कचऱ्याच्या गाडीवर उभं राहून वास सहन व्हावा म्हणून, दुपारची भूक मारावी म्हणून ज्या कामगाराला तंबाखूची सवय लागली, त्याला "तुझीच चूक" म्हणून उपचार नाकारणं हा न्याय नाही. बायपासचं ऑपरेशन करताना सिगारेट ओढणाऱ्याला योजनेतून बाहेर काढतात का? नाही काढत, आणि काढूही नये. मग हिरडीच्या वेळीच ही नैतिकता कुठून येते?

पॉलिसीच्या कागदात काय लिहिलेलं असतं

"मग आरोग्य विमा काढा," असं एजंट सांगतो. आपल्यातली नोकरीला लागलेली मुलंही आईवडिलांसाठी पॉलिसी घेतात आणि समजतात की आता सगळं झाकलं गेलं. म्हणून पॉलिसीचा कागद एकदा शांतपणे वाचू.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, शब्दांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. त्यातल्या दंत उपचाराच्या व्याख्येत दात आणि दातांना आधार देणारे भाग हे दोन्ही येतात, आणि त्यात शस्त्रक्रियाही धरली आहे. दातांना आधार देणारे भाग म्हणजे हिरडी आणि हाड. त्यामुळे "हे दाताचं नाही, हिरडीचं ऑपरेशन आहे" असं म्हणून क्लेम मंजूर होईल, या भ्रमात राहू नका. ज्या पॉलिसीत दंत उपचार वगळले आहेत, तिथे हिरडीही वगळलेली आहे.

दुसरी अडचण जागेची. साधी आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यासाठी असते, किमान २४ तास. त्याला अपवाद डे-केअर उपचारांचा, पण ज्या उपचाराला एरवी २४ तासांहून जास्त दाखल व्हावं लागलं असतं, तोच उपचार डे-केअरमध्ये धरतात. ओपीडीत होणारे उपचार त्यात येत नाहीत. शिवाय नोंदणी किंवा खाटांच्या संख्येची अट पूर्ण करणारी जागाच पॉलिसीच्या भाषेत 'रुग्णालय' असते. हिरडीचं ऑपरेशन दाताच्या खुर्चीवर, जागा बधिर करून तास-दीड तासात होतं आणि माणूस रिक्षाने घरी येतो. म्हणजे पॉलिसीत दंत उपचार असले तरी ते ऑपरेशन या चौकटीत सहसा बसत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे आरोग्य संजीवनी. सगळ्या कंपन्यांनी एकाच नमुन्याची ही साधी पॉलिसी विकावी, असं नियामकाने २०२० मध्ये ठरवलं. तिच्यात आजार किंवा इजेमुळे लागणारे दंत उपचार धरलेले आहेत. वाचून आनंद होतो. पण ते रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाखाली धरलेले आहेत आणि शिवाय प्रत्येक मान्य क्लेममधले ५ टक्के तुम्ही भरायचे असतात. खुर्चीवर झालेल्या ऑपरेशनला तिचा उपयोग होणं कठीण.

काही एजंट आणि काही डॉक्टरही सुचवतात, "एक रात्र अॅडमिट दाखवू, क्लेम होऊन जाईल." हे करू नका. गरज नसताना दाखल झाल्याचं दाखवणं ही फसवणूक आहे. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि मग उद्या खऱ्या हृदयविकाराच्या वेळी हातात काही राहत नाही.

विमा कंपनीचा युक्तिवाद आणि आपलं उत्तर

विमा कंपन्यांचं म्हणणं टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्या म्हणतात की विमा हा अनिश्चित आणि मोठ्या खर्चासाठी असतो. दातांचा खर्च जवळपास प्रत्येकाला येतो, हळूहळू येतो, आधी दिसतो. तो विम्यात घेतला तर हप्ता वाढेल आणि लोक नुसते स्वतःचेच पैसे कंपनीमार्फत फिरवतील.

मला हा युक्तिवाद पटतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना हवा आहे तो नाही. जो आजार बहुतेकांना होतो, जो लवकर सापडला तर साध्या सफाईने बरा होतो, तो बाजारातल्या विम्याचा विषयच नाही. तो सार्वजनिक सेवेचा विषय आहे. लसीकरणाचा विमा काढायला आपण कोणाला सांगत नाही. सरकार लस देतं, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात न्याय्य आहे. हिरड्यांनाही हाच नियम लागतो.

बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं, ते 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या नावाने आपल्याला माहीत आहे. त्यात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद सुचवली होती. ती आयुर्विम्याबद्दल होती, दातांच्या उपचाराबद्दल नव्हती, हे मान्य. पण त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. व्यक्तीला जास्त खात्रीची सुरक्षा मिळावी आणि राज्याला नियोजनासाठी पैसा मिळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरक्षितता ही ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू नाही, हा त्यातला गाभा.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्राध्यापक बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज ईएसआयचं कार्ड खिशात असलेला कामगार त्या वारशाचा लाभार्थी आहे. खासगी पॉलिसीसारखी दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा तिथे नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वैद्यकीय सेवा मिळते, कुटुंबालाही मिळते, आणि दातांचे उपचार त्या सेवेचाच भाग आहेत.

कापलेले पैसे कुठे जातात?

पण कागदावरचा हक्क आणि हातातलं कार्ड यांच्यामध्ये ठेकेदार उभा असतो.

गेल्या वर्षी आमच्या कामाच्या भागातल्या एका कंत्राटी सफाई कामगार ताईंचा प्रश्न आला. वय पंचेचाळीसच्या पुढे, मधुमेह, खालचे दात हलणारे. खासगी दवाखान्यात चारही भागांचं फ्लॅप ऑपरेशन सांगितलं होतं. एका भागाचे ९ हजार, चार भागांचे ३६ हजार, हाडाची भुकटी भरावी लागली तर त्याचे वेगळे. ताईंच्या हातात पडणारा पगार १४ हजार. दवाखान्यातच ईएमआयचा फॉर्म तयार होता. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दर महिन्याला दिसत होती. कार्ड मात्र कधीच मिळालं नव्हतं, विमा क्रमांकही माहीत नव्हता. ठेकेदाराला विचारलं तर "ऑफिसला बघतो."

ईएसआयमध्ये कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापतात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. वेतनाची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू होते. वेतनातून पैसे कापून क्रमांक न देणं ही चालढकल नाही, ही चोरी आहे. त्या ताईंच्या बाबतीत संघटनेने लेखी तक्रार केली, दीड महिन्याने क्रमांक मिळाला. दरम्यान सरकारी दंत महाविद्यालयात तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी आधी खोल सफाई केली, साखर आटोक्यात आणायला लावली आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतलं. चारऐवजी एकाच भागाचं ऑपरेशन लागलं. ३६ हजारांचं कर्ज वाचलं.

सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं नाही. काहींना चारही भागांचं ऑपरेशन खरंच लागतं. पण विचारल्याशिवाय कर्ज काढू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

कार्यकर्त्यांनी पाठ ठेवाव्यात अशा गोष्टी

तुमच्याकडे कोणी "हिरडीचं ऑपरेशन सांगितलंय" म्हणून आलं, तर या क्रमाने चला.

१. खाचांची खोली किती मिलिमीटर आहे ते विचारा आणि एक्स-रे मागून घ्या. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात. बहुतेक वेळा आधी खोल सफाई करतात, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात आणि तरीही खोल खाचा राहिल्या तर ऑपरेशनचा विचार करतात. पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

२. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. किती भाग, प्रत्येक भागाचे किती, हाडाच्या भुकटीचे किती, औषधं आणि नंतरच्या भेटी त्यात धरल्या आहेत का?

३. घरातल्या प्रत्येकाची कार्डं समोर मांडा. मुलगा कंपनीत असेल तर त्याच्या ग्रुप विम्यात आईवडील आहेत का, ओपीडीचा किंवा दातांचा वेगळा लाभ आहे का, हे एचआरला ईमेलने विचारा. सून ईएसआयमध्ये असेल तर कुटुंबातलं कोण कोण त्यात येतं ते पाहा.

४. खासगी पॉलिसीत तीन जागा वाचा. दंत उपचाराची व्याख्या, वगळलेल्या बाबींची यादी आणि डे-केअर व ओपीडीचं कलम. नंतर उपचाराचं नाव लिहून कंपनीला उपचाराआधीच लेखी विचारा. एजंटचं तोंडी "हो होतं" याला काडीची किंमत नाही.

५. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. मात्र पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेला उपचार लोकपालही मिळवून देणार नाही, म्हणून चौथा मुद्दा आधी.

६. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, या सगळ्यांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. फी लागते, पण खासगीच्या तुलनेत फार कमी. रांग लागते, दोन-चार फेऱ्या होतात. रोजंदारीवरच्या माणसाला फेरी म्हणजे खाडा, हे लक्षात ठेवून त्याच्यासोबत एक कार्यकर्ता द्या.

मागणी काय करायची?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. पण योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते आणि दाखल होण्याभोवती बांधलेली आहे. ५ लाखांचा आकडा मोठा असला तरी पायोरियाच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. ज्या जोतिरावांचं नाव योजनेला दिलं, त्यांनी पाण्याचा हौद सगळ्यांसाठी खुला केला होता.

पहिली मागणी, आयुष्मान आणि फुले योजनेतून हिरड्यांच्या आजाराची वगळणूक काढा. जे सीजीएचएसच्या दरपत्रकात बसतं, ते गरिबाच्या कार्डात का बसत नाही, याचं उत्तर द्या. निदान मधुमेहाच्या रुग्णांपासून सुरुवात करा.

दुसरी मागणी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक आणि चालू स्थितीतलं सफाईचं यंत्र हवं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मग यंत्र बंद आणि पद रिक्त असेल, तर मोफत काय आहे? केस पेपर?

तिसरी मागणी, कंत्राटी कामगाराचा ईएसआय क्रमांक दाखवल्याशिवाय महापालिका आणि नगरपालिकांनी ठेकेदाराचं बिल काढू नये.

आणि एक अपेक्षा आपल्या स्वतःकडून. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला आपण आरोग्य शिबिरं घेतो. दाताचे डॉक्टर येतात, तोंडात टॉर्च मारतात, टूथपेस्टची छोटी ट्यूब देतात आणि फोटो निघतो. "तुम्हाला पायोरिया आहे" असं सांगितलेला माणूस त्यानंतर कुठे गेला, याची नोंद कोणाकडेच नसते. यापुढे शिबिराच्या वहीत एक रकाना वाढवा, 'पुढचा उपचार कुठे आणि कधी झाला'. तीन महिन्यांनी तो रकाना भरलेला नसेल, तर शिबिर पूर्ण झालं असं समजू नका.

त्याचबरोबर प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी कार्यकर्त्याने या महिन्यात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. प्रश्न तीनच. आपल्या ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाचं पद भरलेलं आहे का? सफाईचं यंत्र चालू आहे का? गेल्या वर्षात किती रुग्णांच्या दातांची सफाई झाली? तालुक्यातालुक्यांची उत्तरं एकत्र आली की आरोग्यमंत्र्यांना भेटायला जाताना आपल्या हातात निवेदनासोबत पुरावाही असेल.

जय भीम!